समुद्राचा चष्मा

नव्वदच्या दशकाअखेरीस शाहूपुरीत माझं कॉम्प्युटरचं दुकान होतं. डोक्याला बांधायचे, आत खराच वाटणारा समुद्र दाखवणारे दोन चष्मे मी मागवले होते. चंदगडचे एक काजू-व्यापारी आले. दोन्ही चष्मे हातात तोलून म्हणाले, “हलका द्या. आमची मंडळी अंथरुणाला खिळल्यात. मान धरत न्हाय.” कॉम्प्युटरसकट घेऊन गेले.

दिवाळीआधी चष्मा घेऊन परत आले.

“बिघडला का?” मी विचारलं.

“न्हाय. ती गेली.” ते बोटांनी चष्म्याचा पट्टा सरळ करत राहिले. “लई आवडायचा की तिला. शेवटच्या दिवशी म्हटलं, काढ जरा, माझ्याकडं बघ. ‘थांबा थोडं,’ म्हणाली. मी थांबलो, पावणं.”

मी चष्मा ठेवून घेतला. दुसऱ्या कुणाच्या डोक्याला तो बांधायला मला धीर झाला नाही.