गुरुवारची तपासणी

उज्वला डॉक्टरीणबाईंचं शिक्षण तोंडातल्या आजारांचं. मशेरीनं गालात उठलेला चट्टा ओळखायचा, त्याचा तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली बघायचा, हे त्यांचं खरं काम. पण निलंग्यात त्यासाठी कोण येतंय? माणसं यायची ती दाढ उपटून घ्यायला, बाजाराच्या दिवशी, हातात पिशव्या घेऊन. दवाखाना त्यांच्यावरच चालायचा. म्हणून बाईंनी वाटणी केली होती. बाकीचे दिवस दातांचे, गुरुवारची दुपार चट्ट्यांची. उपासामुळं गुरुवारी बाया दात काढायला येत नसत, खुर्ची मोकळीच असायची.

मार्गशीर्षातल्या एका बाजाराला सरजाबाई आली. बाहेर पंधरा माणसं बसलेली. दाढ निघाली, आणि कापूस दाबताना बाईंना तिच्या गालात पांढरा चट्टा दिसला, मधे लालसर.

"मावशी, मशेरी सोडा. अन् येत्या गुरुवारी या. याचा बारीक तुकडा काढून बघू."

"येते की," गाल धरून सरजाबाई म्हणाली.

आली नाही. पुढच्या गुरुवारीही नाही. बाई स्वतः सकाळी घट मांडून, कहाणी वाचून, उपाशीच दवाखान्यात येऊन बसायच्या.

माघ संपताना सरजाबाई उगवली, तीही बाजारालाच. दाढेची जखम भरली नव्हती. चट्ट्याच्या जागी चिघळलेलं मांस, जबड्याखाली सुपारीएवढी टणक गाठ.

"मावशी, बोलावलं होतं ना मी?"

"गुरुवारी बोलावलं बाई तुमी. मार्गेसरातले गुरुवार. तोंडात रगत घिऊन लक्षुमीपुढं बसू व्हय? मग तुरीची रास आली. दुखत बी नव्हतं." ती म्हणाली, "तुमी बी धरताव की गुरुवार. म्या म्हणलं, घाईचं असतं तर बाईनं आजच बस म्हणलं असतं."

उज्वलाबाईंनी हातमोजे बदलले. मदतनीस शिल्पा दारातून म्हणाली, "म्याडम, लोकं कावलेत बाहेर."

"कावू दे."

त्यांनी तिथंच तुकडा काढला. बघायच्या आधीच त्यांना कळलं होतं. तरी रात्रभर देवाला विनवून सकाळी त्यांनी बघितला. कॅन्सरच होता.

लातूरच्या मोठ्या डॉक्टरांनी दिलेला दिवस नेमका गुरुवार निघाला. बाईंनी दवाखाना बंद ठेवला आणि त्या एसटीत सरजाबाईच्या शेजारी बसल्या. ती पदरानं गाल झाकून खिडकीबाहेर बघत राहिली.