लीलाबाईंचा मुक्काम दुसऱ्या सीझनमध्ये

आमच्या शेजारच्या लीलाबाई कुठलीही गोष्ट मधूनच सुरू करतात, मधेच थांबवतात, आणि वर त्याची त्यांना काडीचीही लाज वाटत नाही. मी एसटीत कंट्रोलर होतो. गाडी पहिल्या थांब्यावरून सुटावी आणि शेवटच्या थांब्यावर पोचावी, एवढ्या एका तत्त्वावर मी अख्खी नोकरी काढली. त्यामुळे सिडकोत, एन-सातमध्ये, त्यांच्या भिंतीला भिंत लावून राहणं ही माझी परीक्षाच आहे.

बाईंनी साठी ओलांडली आहे. माहेर खुलताबादकडचं. नवरा राजकुमार वाळूजच्या एका कंपनीत फिटर होता, त्यालाही जाऊन आता बरीच वर्षं झाली. मुलगा आणि सून नोकरीवर, म्हणून दिवसभर घरात लीलाबाई आणि नात श्रेया. लीलाबाई गोधड्या शिवतात. त्यांची शिलाई कडेपासून सुरू होते आणि फिरत फिरत आत येते. शेवटचा टाका पडतो तो मधोमध. त्या मधल्या भागाला त्या पोट म्हणतात. कडेला शहागंजातून आणलेल्या नव्या, भडक चिंध्या, बघणाऱ्यांसाठी. पोटाला मात्र धुऊन धुऊन मऊ झालेलं जुनं लुगडं, कारण माणूस निजतो तिथं.

यंदा श्रेया बारावी झाली आणि तिला ॲनिमेशन शिकायला पुण्यात प्रवेश मिळाला. आपण नेमकं काय शिकायला चाललोय हे आजीला कळावं, म्हणून जायच्या आधी तिनं आपली लाडकी कार्टून मालिका आजीला दाखवायचं ठरवलं. तीन सीझनची, हिंदीत बोलणारी. ढगांना हाक मारणारी एक अनाथ मुलगी, तिला सांभाळणारा म्हातारा नावाडी आणि कायम रुसलेली एक बोलकी घोरपड. श्रेयानं सगळे भाग पेन ड्राइव्हवर भरून टीव्हीला लावून दिले आणि ती आपल्या कागदपत्रांच्या धावपळीला लागली. लीलाबाईंनी बाबासाहेबांच्या तसबिरीखालच्या त्या टीव्हीसमोर गोधडी पसरली, रिमोटचं हाताला लागेल ते बटण दाबलं, आणि गाडी लागली ती थेट दुसऱ्या सीझनला.

श्रेयाच्या हे लक्षात आलं तेव्हा बाई दुसरा सीझन संपवत आल्या होत्या. पोरीनं कपाळावर हात मारून घेतला. मी चहाला बसलो होतो, मलाही राहवलं नाही. कोण कुणाची, कुठून आली, यातलं काही कळलं तरी का, असं मी विचारलं. बाईंनी सुईवरची नजर न काढता सांगितलं की लग्नाला गेल्यावर आपण दारातच सगळ्यांची नाती विचारत नाही. पंगतीत बसलं की कोण कुणाचं ते आपोआप कळतं.

मग श्रेयानं हट्टानं पहिला सीझन दाखवला. तो बाईंनी जांभया देत पाहिला. त्यांच्या मते ती नुसती ओळखपरेड होती, जो येतो तो नाव सांगतो आणि पळत सुटतो. पण तिसऱ्याचं नाव काढलं की बाईंना काहीतरी आडवं यायचं. कधी डोळे दुखायचे, कधी दोरा संपायचा, कधी बचत गटाची बैठक निघायची. त्या पुन्हा दुसराच लावायच्या. पोरगी जायचे दिवस जवळ येत चालले होते आणि आजीनं आपल्यासोबत शेवट पाहायलाच हवा, हे तिनं मनाला लावून घेतलं होतं.

त्या दुसऱ्या सीझनमध्ये, खरं सांगतो, काहीच घडत नाही. नाव फुटते आणि ही मंडळी नदीकाठी अडकतात. शत्रूचा एक हेर सुतार बनून त्यांच्यात येतो. तो फळ्या ठोकतो, भांडतो, जेवतो, आणि हळूहळू घोरपडीला तिखट जास्त लागतं हे ध्यानात ठेवून तिचं वेगळं कालवण करायला लागतो. मी फक्त दोष काढायला बसलो होतो. नंतर मात्र दुपारी माझी खुर्ची आपणहूनच त्यांच्याकडं जायला लागली. तरीही मी वाद सोडला नाही. शेवट पाहिल्याशिवाय गोष्टीला अर्थ काय, असं मी एकदा छेडलंच.

"पहिल्यात समद्यांना पळायची घाई, तिसऱ्यात लढायची घाई असणार," लीलाबाई म्हणाल्या. "ह्या मधल्यात कुणालाच घाई नाय. म्हणून माणसं दिसत्यात."

मग त्या जुन्या शहरातल्या भाड्याच्या दोन खोल्यांबद्दल बोलत राहिल्या. सासू, दीर, लहान लेकरं, रात्रपाळीहून येऊन सगळ्यांच्या मधेच आडवा होणारा राजकुमार. लग्नानंतरची ओढाताण सरली होती आणि पुढचं दुःख यायचं होतं. त्या वर्षांत सांगण्यासारखं काहीच घडलं नाही, आणि आठवायला बसलं की तीच वर्षं आठवतात, असं त्या म्हणाल्या. मला एसटीची मुक्कामी गाडी आठवली. खेड्यात संध्याकाळी गाडी लागायची, मग कुणाच्या तरी ओट्यावर भाकरी खात ड्रायव्हर-कंडक्टर खरे बोलायला लागायचे. हे मी बाईंना सांगितलं नाही, फार चढून बसल्या असत्या.

घरी येऊन मी तिसरा सीझन मोबाइलवर गुपचूप पाहून टाकला. लढाई मोठी आहे, चित्रं झकास आहेत, हेरही अखेर या मंडळींच्या बाजूला येतो. पण सगळ्यांची कामं उरकण्याच्या गडबडीत घोरपडीला रुसायलासुद्धा वेळ मिळत नाही, याचा मला संताप आला. आणि शेवटी ती मुलगी ढगांबरोबर दूर निघून जाते, नावाडी काठावर उभा राहतो. मला फार वाईट वाटलं. दुसऱ्या दिवशी मी खुर्ची घेऊन मुकाट्यानं दुसरा सीझन पाहायला गेलो.

जायच्या आदल्या संध्याकाळी श्रेयानं बॅग भरता भरता रडवेल्या आवाजात आजीला तिसरा बघायचा का, असं शेवटचं विचारलं. लीलाबाईंनी स्वतःच रिमोट तिच्या हातात दिला. तिसऱ्याचा पहिला भाग झाला. दुरुस्त झालेली नाव काठ सोडून निघाली, तशा बाई चहाच्या निमित्तानं आत गेल्या. कप आणायला मी मागोमाग गेलो.

"नाना, तुमी बघून बसलाय, तुमच्या तोंडावर दिसतंय," त्या हळूच म्हणाल्या. "पोरगी शेवटी म्हाताऱ्याला सोडून जाती ना?"

खोटं बोलायचं फार मनात आलं. "जाती," मी म्हटलं.

"परत येती?"

"ते दाखवलेलं नाय."

त्यांनी आलं ठेचलं आणि पातेल्यात टाकलं.

"मग बरं हाय," त्या म्हणाल्या. "दाखवलं नाय म्हंजी ते आपल्या हातात हाय."

बाहेर येऊन त्यांनी टीव्ही बंद केला आणि पेटीतून एक गोधडी काढून श्रेयाच्या मांडीवर ठेवली. कडा भरगच्च, रांगेत टाके, आणि मधोमध पोट तसंच मोकळं, नुसतं अस्तर. श्रेयानं ती उलटीपालटी केली आणि ही तर अर्धीच आहे म्हणाली.

"व्हय. पोटाचं लुगडं मी माझ्यापाशी ठिवलंय," लीलाबाई म्हणाल्या. "तोवर अशीच पांघर. सुट्टीला आलीस की तू धर, मी टाके घालते. तिसरा बी तवाच बघू."

श्रेया रडली, मग हसली, मग आजीच्या कुशीत शिरली. मी खुर्ची उचलून घरी आलो.

दिवाळीच्या सुट्टीत ती गोधडी घेऊन परत आली. भिंतीपलीकडून टीव्हीचा आवाज आला म्हणून मी डोकावलो, तर आजी आणि नात गोधडीची दोन टोकं धरून बसलेल्या, आणि समोर घोरपड रुसलेली. दुसराच सीझन चालू होता. लुगड्याला टाके घालून झाले ते जेमतेम निम्मे. उरलेलं आता बाबासाहेबांच्या जयंतीला आल्यावर, असं श्रेयानंच मला सांगितलं.