आजोबांच्या गाडीचे दोन दाते

मंडळी, आज नवीन जालन्यात सलीमभाई मिस्त्रींकडं गेल्तो. आजोबांच्या निजामकाळातल्या मोटरसायकलचं पुढचं स्प्रॉकेट, म्हंजी साखळी फिरवणारं दातेरी चाक, पार झिजलंय. तसलं आता कुठं मिळत न्हाई, नवीन घडवूनच घ्यावं लागतं.

म्हटलं, "भाई, दोन दाते वाढवा. गाडी लई हळू पळते."

त्यांनी जुने दाते मोजले. "कंपनीचे सतरा असतेत. तुमच्या आजोबांनी मुद्दाम पंधराचं बसवलंय. पळणं कमी, पण ओढायची ताकद जास्ती."

मंग आठवलं. आमच्या वाटूर गावच्या अडलेल्या बायांना आजोबा चिखलातून साइडकारमधी जालन्याच्या दवाखान्यात आणायचे. अन् आम्ही त्या गाडीला कासव म्हणायचो!

"पंधराच ठेवा," म्हटलं.

संध्याकाळी नवं स्प्रॉकेट बसवून गाडीवर येताना एका स्कूटीवाल्या आज्जींनी मला मागं टाकलं. बिलकुल वाईट वाटलं न्हाई.

आता साइडकारबी जोडून राह्यलो. कुणाला दवाखान्यात न्यायचंय का?