वडिलांनी पास केलेलं पनीर

मी दूध सोडलं आणि त्याच आठवड्यात वडिलांनी माझ्याबरोबर जेवायचं सोडलं. आमचं गाव शेवगाव तालुक्यात. घरी सात जर्सी गाई, आणि सकाळ-संध्याकाळ दुधाची किटली डेअरीवर नेणं हा वडिलांचा आयुष्यभराचा नेम. अशा घरातल्या पोरानं ‘मला दही नको, तूप नको, चहा बिनदुधाचा द्या’ म्हणायचं म्हणजे पुजाऱ्याच्या पोरानं चपला घालून देवळात शिरण्यासारखंच होतं.

कारण विचाराल तर, गोठ्यातल्या एका गोऱ्ह्याशी माझी गट्टी होती आणि एका बाजारच्या दिवसानंतर तो दावणीला दिसला नाही. एवढंच. त्यावर मी भाषणं देत नाही. म्हणजे फारशी देत नाही. बायको वेगळं सांगेल.

मी नगरला नोकरी करतो आणि दर रविवारी गावी जातो. माझी मोटारसायकल दारात वाजली की वडील ताट घेऊन ओसरीवर जायचे आणि घराकडे पाठ करून जेवायचे. मी स्वयंपाकघरात, ते ओसरीवर, आणि मधे आई भाकरी घेऊन खेपा घालणार. ‘तुमच्या भांडनात माझे गुडघे चाललेत,’ ती म्हणायची. मला त्यांचा राग यायचा आणि वाईटही वाटायचं. खरं सांगतो, पूर्वी त्यांच्यासोबतच्या त्या एका जेवणाची मी आठवडाभर वाट बघायचो.

तोफूचा नाद मला नगरलाच लागला. सोयाबीन रात्रभर भिजवायचं, मिक्सरमधून काढायचं, फडक्यातून पिळायचं, ते दूध उकळायचं आणि लिंबू पिळून फाडायचं. पहिल्या खेपेला असा काही उग्र वास सुटला की शेजारच्या काकूंनी ‘गॅस तपासून बघा’ म्हणून निरोप पाठवला. दुसऱ्या खेपेला दूध फाटायलाच तयार नव्हतं. चौथ्या खेपेला मात्र फडक्यात बांधून वर भरलेला कुकर ठेवला आणि तासाभरात घट्ट, चौकोनी वडी हातात आली. मग मी सुटलोच. मेथीत घातली, हिरव्या मिरचीवर भुर्जी केली, एकदा भरल्या वांग्यात कोंबली. मुलांनी आठवडाभर सहन केलं आणि मग डब्यात काय आहे ते आधी विचारायला लागली.

एका रविवारी तशीच वडी घेऊन गावी गेलो आणि आईला म्हणालो, ही सोयाबीनची आहे, आज हिचा रस्सा मी करतो. कांदा-खोबरं भाजलं, काळा मसाला काढला. तेवढ्यात वडील पाणी प्यायला आत आले. ताटलीतली पांढरी वडी त्यांना दिसली. त्यांनी ती बोटानं दाबली.

‘पनीर?’

आईनं माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, ‘हं.’

‘ह्याला पनीर चालतं व्हय आता?’ त्यांनी आईला विचारलं. माझ्याशी थेट बोलणं तेव्हा बंद होतं. आईनं भाकरी थापता थापता मान खाली घातली. हसू दाबताना तिचे खांदे हलत होते.

पण दुधाचा कुठलाही माल तपासल्याशिवाय तोंडात घालायचा नाही, हा वडिलांचा स्वभाव. लग्नाच्या पंगतीत बासुंदीचा थेंबही ते आधी अंगठ्याच्या नखावर घेऊन बघतात. हल्ली पनीरमध्ये पीठ मिसळतात असं त्यांनी डेअरीवर ऐकलं होतं. ते गोठ्यात गेले आणि गाईंच्या जखमेला लावायची आयोडिनची बाटली घेऊन आले. एका तुकड्यावर दोन थेंब टाकले. पीठ असेल तर निळं पडतं. आम्ही तिघं त्या तुकड्यावर वाकून उभे. तुकडा पिवळट झाला आणि तसाच राहिला. सोयाबीन पकडायचं औषध त्या बाटलीत नव्हतं.

‘पीठ न्हाई,’ वडिलांनी निकाल दिला. ‘माल चोख हाय. फॅट जरा कमी वाटतंय.’

आणि ताट घेऊन ते माझ्यासमोर येऊन बसले. दोन भाकरी खाल्ल्या, रस्सा दोनदा मागून घेतला. मला इतका आनंद झाला की खरं सांगायचं मी सोयीस्करपणे विसरलो. पुढचे दोन रविवारही तसेच गेले. वडील माझ्याशी बोलायला लागले, पावसाबद्दल, पेंडीबद्दल, नगरच्या खड्ड्यांबद्दल. डेअरीवर त्यांनी सांगून टाकलं की पोरगं लायनीवर आलं. लोक मला रस्त्यात थांबवून शाबासकी द्यायला लागले आणि मी ती निर्लज्जपणे घेत होतो.

मग गाय व्यायली. मी गेलो तेव्हा वडील दारातच उभे होते. शेजारीपाजारी चीक वाटायची आमच्याकडे रीत आहे, पण त्यांनी पहिल्या दिवसाचा चीक कुणाला दिला नव्हता. गूळ-वेलदोडा घालून आईकडून खरवस करून घेतला होता आणि स्वतःच्या हातानं भलीमोठी वडी कापून त्यांनी माझ्या ताटात ठेवली.

‘खा. तुझ्यासाटी ठिवलाय.’

मी ताटाकडे बघत राहिलो. मग सगळं सांगितलं. ‘आबा, ते पनीर नव्हतं. सोयाबीनचं हुतं. मी अजून दुधाचं काय खात न्हाई.’

ते ओरडतील असं मला वाटलं होतं. ओरडले असते तर बरं झालं असतं.

‘तू घरी आल्यावर मी तुला द्यायचं काय मग?’ ते म्हणाले. ‘दुधाबिगर माझ्याकडं दुसरं हाय काय?’

हात धुऊन ते गोठ्यात निघून गेले. इतके दिवस मला वाटत होतं की ते माझ्याशी भांडतायत. मला फार शरम वाटली. त्या दिवशी मी न जेवता नगरला परत आलो, आणि आठवडाभर माझी गावी फोन करायची हिंमत झाली नाही.

शनिवारी दुपारी मी ऑफिसात होतो, तेव्हा वडिलांचाच फोन आला. वडील स्वतःहून कधी फोन करत नाहीत. कुणाचं काही बरंवाईट झालं की काय, म्हणून मी उठून बाहेर गेलो.

‘सोयाबीन निवडून ठिवलंय,’ ते म्हणाले. ‘किती भिजवू?’

‘एक वाटी बास हुईल, आबा.’

‘एका वाटीत काय हुतंय? आपुन तिघं हाय जेवाया. दोन भिजवतो.’