मंदक्रोधाचे एकोणचाळीस दिवस

माझ्या तोंडामुळं अश्विनीची दोन स्थळं मोडली. पहिल्याला अकरा मिनिटं लागली, दुसऱ्याला सव्वीस. म्हणजे माझ्यात सुधारणा होत होती. घरातले मात्र आकडे बघत नाहीत.

पहिल्या वेळी कागदावर मुलाची उंची पाच फूट आठ इंच होती आणि दारातून आत आला तो पाच फूट सहाचा. मी फक्त टेप आणला. (भिंतीला टेकून उभे राहा, एवढंच म्हणालो होतो. बूट काढून, हे नंतर म्हणालो.) दुसऱ्या वेळी त्यांनी शेती पाच एकर सांगितली. सातबाऱ्यावर चार एकर चौतीस गुंठे. उरलेले सहा गुंठे कुठं आहेत, असं मी शांतपणे विचारलं. इतक्या शांतपणे, की शेजारचे शमुवेल मास्तर हातातलं पुस्तक मिटून अंगणात आले.

तिसरं स्थळ जळकोटचं. मंगेश आणि आमची अश्विनी एकाच शाळेत शिकवतात, आणि दोघांचं आपसात ठरलेलं होतं. उरले होते फक्त बाप. हे मला तिनंच तोंडावर सांगितलं. "पप्पा, ह्या वेळी तुम्ही चिडलात ना, तर मी भांडणार नाही. नुसती गप्प बसीन."

ती भांडली तर मी पुरून उरतो. तिच्या गप्प बसण्यावर माझ्याकडं इलाज नाही.

म्हणून मी मास्तरांकडं गेलो. मास्तर ख्रिस्ती, रोज सकाळी ओसरीवर बायबल वाचत बसतात. कुंपणावरून कढई मागावी तसं मी विचारलं, रागावर तुमच्याकडं काही आहे का. ते म्हणाले, पुष्कळ आहे. शलमोन राजानं त्यावर बरंच लिहून ठेवलंय. आणि देवाला तर तिथं एक खास विशेषणच आहे : मंदक्रोध. म्हणजे राग येतो, पण सावकाश येतो. मला हे एकदम पटलं. राग सोडायचा नाही, फक्त उशिरा आणायचा!

"सावकाश म्हणजे किती?" मी विचारलं.

"शास्त्रात आकडा दिलेला नाही."

एवढा मोठा ग्रंथ, आणि आकडा नाही! शेवटी मीच तीस ठरवला. आता राग आणणारा प्रश्न कोणता आणि साधा कोणता, हे आधी कुठं कळतं? म्हणून नियम सरसकट केला : कोणीही काहीही विचारलं तरी मनात तीस मोजायचे, मगच तोंड उघडायचं.

सुमनला, म्हणजे माझ्या बायकोला, पहिले काही दिवस जड गेलं. भाजी कुठली करू असं ती विचारायची, आणि माझं उत्तर येईपर्यंत वांगी फोडणीत पडलेली असायची. पण घर शांत झालं हे खरं. फक्त मंदक्रोध हा शब्द तिच्या जिभेवर बसेना. त्यातला क्रोध गळाला आणि मंद तेवढा राहिला. "आवाज चढायलाय तुमचा, मंद व्हा," असं ती मला म्हणायची, गॅसबद्दल बोलावं तसं. तिचा भाऊ दिगंबर, जो ह्या स्थळात मध्यस्थ होता, त्यानं तो शब्द तिच्याकडूनच उचलला. मला हे तेव्हा दिसत होतं. मी दुरुस्त करणारही होतो, पण तीस मोजेपर्यंत विषय बदलायचा.

रविवारी मंगेशचे वडील बापूराव आणि त्यांची थोरली बहीण आक्का असे दोघे आले, दिगंबर त्यांना घेऊन आला. मंगेशला मुद्दाम घरी ठेवलं होतं. पोरांनी पोरं पाहिली होती, आता बाप बघायचा होता.

बापूरावांनी टोपी मांडीवर ठेवली आणि आमच्या लोहाऱ्याला नळ किती दिवसांनी येतो असं विचारलं. मी मोजायला लागलो. ते थोडा वेळ थांबले. मग बरं वाटेना म्हणून त्यांनीच दुसरा प्रश्न केला, लेकरं किती तुम्हाला. तेवढ्यात माझे तीस पुरे झाले.

"पाच," मी म्हणालो.

दोघांनी एकमेकांकडं पाहिलं, कारण लेक एकच आहे असं दिगंबरनं त्यांना सांगितलं होतं. मी चूक सुधारायला पुन्हा मोजणी सुरू केली. मोजताना माझे ओठ हलतात, असं मला नंतर कळलं. बापूरावांनी तोवर सुमनचं नाव विचारलं होतं.

"एकच," मी म्हणालो.

यानंतर आक्का माझ्याशी मोठ्यानं आणि एकेक शब्द तोडून बोलू लागल्या. "पव्हे. खावा. गरम हायती." बशी त्यांनी स्वतः माझ्या हातात दिली आणि वरून बोटंही मिटून दिली.

बापूराव दिगंबरकडं झुकले. आवाज खाली आणून त्यांनी विचारलं, "पाव्हणे कवापासून असे हायत?"

दिगंबरला वाटलं, कौतुक चाललंय. "दाजी व्हय? आता लई मंद झालेत. दीड महिना झाला."

(दीड महिना नव्हे. एकोणचाळीस दिवस. पण मी बाराव्या आकड्यावर होतो.)

"औषदपाणी?"

"औषद कशाला? शेजारचे मास्तर शिकवायलेत की. पयलं दाजी लई बोलायचे."

"आरारा," आक्का म्हणाल्या. "घरात आनी कुणाला हाय का?"

"ताई करून बघायली, पन तिला जमंना," दिगंबर म्हणाला. मग भाचीची शिफारस करायची हीच वेळ आहे असं वाटून तो पुढं सरकला. "पन पोरीचं तसं न्हाई. आमची आशू जन्मापासूनच मंद हाय. कुणी कितीबी बोला, तोंडातनं शबुद न्हाई."

बापूरावांनी टोपी डोक्यावर घातली आणि उठले.

स्वयंपाकघराच्या दारात अश्विनी चहाचा ट्रे घेऊन उभी होती. ती गप्प होती. मी एकोणिसाव्या आकड्यावर होतो. पुढचे अकरा मला सापडलेच नाहीत.

"मंदक्रोध!" मी ओरडलो. "सामासिक शब्द आहे, दिगंबर! निम्मा शब्द खाल्लास तू! पोरगी बी.एस्सी.ला एक्याऐंशी पूर्णांक चार टक्के! आणि बापूराव, तुम्ही मागचापुढचा विचार न करता टोपी घालता? पाणी पाच दिवसांनी येतं! लेक एक! बायको सुमन! आणि दीड महिना नाही, एकोणचाळीस दिवस!"

पोह्यांची बशी केव्हा खाली पडली ते मला आठवत नाही. कुंपणापाशी मास्तर येऊन उभे राहिलेले दिसले.

"बया," आक्का म्हणाल्या, "ह्यांना तर बोलता येतंय."

अश्विनीनं ट्रे ठेवला. "बसा ना," ती म्हणाली. "मंदक्रोध म्हणजे ज्याला राग सावकाश येतो, तो. पप्पांना जमत नाही. तरी एकोणचाळीस दिवस करायलेत, माझ्यासाठी." मग खाली वाकून तिनं पोहे गोळा केले, आणि चहा निवतोय एवढंच म्हणाली.

बापूराव बसले. टोपी परत मांडीवर आली. पोरगी पसंत असल्याचं त्यांनी पहिल्याच घोटाला सांगून टाकलं. आक्का मात्र माझ्याकडं बघतच होत्या.

"सगळं खरं," त्या म्हणाल्या, "पन पोरगी सोभावानं कुनावर गेलीया?"

"आईवर!" असे चार आवाज एकदम आले. मी मोजले. एक सुमनचा, एक दिगंबरचा, एक कुंपणापलीकडून मास्तरांचा. चौथा सगळ्यांत मोठा होता, आणि तो माझा होता.