घाईबाईची वाट

लिफ्टवाल्या मेस्त्रींचा जन्म वर-खाली करण्यात गेला. इमारतींच्या लिफ्ट दुरुस्त करायच्या, हे त्यांचं काम. विहिरीसारख्या अंधाऱ्या पोकळीत उतरून लोखंडी दोर तपासायचे, चाकांना ग्रीस लावायचं, मधेच अडकलेल्या लोकांना बाहेर काढायचं. "आयुष्यात फार वर गेलो मी," ते म्हणत, "पण दर वेळी कुणीतरी खाली बोलावलं."

एवढा एक विनोद सोडला तर माणूस अबोल. बंद दाराआड कुणी घाबरून रडत असलं की मात्र यांच्या तोंडून नळ सोडल्यासारखे शब्द सुटत. "काही नाही हो, दोर मजबूत आहे, मी इथंच आहे, मुलं किती तुम्हाला?" असं तास तास बोलत राहायचे. दार उघडून तो माणूस समोर आला, की पुन्हा तोंडाला कुलूप. बायको म्हणायची, "मीसुद्धा दाराआडून बोलत जाऊ का तुमच्याशी?"

त्यांना एकच मुलगी. तिला सगळ्याचीच घाई. जन्माला आली ती दिवस भरायच्या आधी, चालायला लागली ती रांगायच्या आधी. मेस्त्री तिला घाईबाई म्हणत. लिफ्ट-कंपनीच्या गोदामामागच्या मोकळ्या जागेत त्यांनीच तिला सायकल शिकवली. सीट धरून मागे पळत होते. धाप लागून थांबले, तर पोरगी केव्हाच पुढे निघून गेलेली. मोठी झाल्यावर ती दातांच्या दवाखान्यात कामाला लागली, आणि एक दिवस चष्मा करायला गेली ती चष्मेवाल्यालाच पसंत करून आली. "काचा बसवता बसवता माझ्या घरात बसला," असं मेस्त्री जावयाच्या तोंडावर म्हणत. जावई हसत असे. मुलगा साधा होता, हळू बोलणारा.

शहराबाहेर एक लांबलचक रानवाट होती, खास सायकलवाल्यांसाठी आखलेली. जुन्या रेल्वेच्या भरावावरून निघायची, जंगलातून, ओढ्यांतून, टेकड्यांवरून जाऊन थेट धरणापाशी संपायची. दोन दिवसांचा रस्ता. घाईबाई आणि जावई दर वर्षी शनिवार-रविवार गाठून तिथं जात आणि चिखलाने माखून, हातपाय खरचटून, हसत परत येत. "बाबा, एकदा चला ना," ती दर वेळी म्हणे. मेस्त्री म्हणत, "पुढच्या वर्षी." गुडघे दुखतात, कामं आहेत, लिफ्ट काय शनिवार-रविवार बघून बंद पडतात का? कारणांना काय तोटा.

मग तिला रक्ताचा आजार झाला. त्यातही तिनं घाईच केली. तिशी ओलांडते न ओलांडते तोच गेली.

जावई त्यानंतरही दर रविवारी येत राहिला. दारात चपला काढायचा, मेस्त्रींना "मामा" आणि बायकोला "मामी" म्हणून हाक मारायचा, चहा घ्यायचा. मेस्त्री आणि तो समोरासमोर बसायचे. बोलायला काही नसायचं. मग जावई उठून मामीच्या चष्म्याचे स्क्रू आवळून द्यायचा, नाहीतर नळाचा वायसर बदलायचा. अंधार पडायच्या आत जायचा. ती गेल्याला दोन वर्षं होत आली, तेव्हा एका रविवारी तो कप खाली ठेवून म्हणाला, "मामा, त्या वाटेवर जाऊ या का आपण दोघं? तिची सायकल आहे अजून. मी नीट करून ठेवलीय."

मेस्त्री काही म्हणायच्या आत स्वयंपाकघरातून बायको म्हणाली, "जा हो. घरात बसून तरी कुणाच्या डोक्यावर बसणार आहात?"

एरवी भाजी आणायला निघाले तरी "गुडघे सांभाळा" म्हणणारी बाई एवढ्या झटक्यात जा म्हणते, हे मेस्त्रींना जरा खटकलं. पण ते हो म्हणाले.

शनिवारी उजाडताच दोघं भरावावर उभे होते. जावई पाना घेऊन तिच्या सायकलची सीट खालीवर करायला वाकला. मेस्त्री बसून बघतात तो सीट बरोब्बर. लेकीनं उंची बापाची घेतली होती. जावयानं पाना गुपचूप पिशवीत टाकला आणि दोघांनी एकमेकांकडे बघायचं टाळलं.

सुरुवातीला मेस्त्रींची भंबेरी उडाली. भरावावरची खडी चाकाखालून सरके, हँडल हातात राहीना. जावई पुढून सांगे, "घट्ट धरू नका मामा, तिला तिच्या मनानं जाऊ द्या." दुपारपर्यंत त्यांना जमायला लागलं. झाडांच्या मुळांवरून चाक उडालं की अंग कसं सैल सोडायचं, वाळूत रुतायच्या आधी गिअर कसा हलका करायचा. दगडांवर रंगवलेले पिवळे ठिपके बघत ते पुढे जात होते. एका ओढ्यात जावई मधोमध आडवा झाला आणि कमरेएवढ्या पाण्यात चष्मा शोधत बसला, तेव्हा मेस्त्री मोठ्यानं हसले. हसले आणि एकदम चपापले. दोन वर्षांत घरात कुणी असं हसलं नव्हतं. चोरी पकडल्यासारखे ते झाडांकडे बघायला लागले.

"ती पण इथंच पडायची," जावई चष्मा पुसत म्हणाला. "दर वर्षी. आणि दर वर्षी म्हणायची, दगड हलवलाय कुणीतरी."

मेस्त्रींना त्या क्षणी तो जावई नाही, पोटचा मुलगा वाटला.

मुक्काम जंगलाच्या कडेच्या एका लाकडी घरात होता. चालवणारी बाई वयस्कर, बोलघेवडी. तिनं सायकली पडवीला टेकवून घेतल्या, गरम सूप आणि पाव पुढ्यात ठेवला आणि जावयाला म्हणाली, "या वेळी बाईसाहेब नाही आल्या?"

मेस्त्री समजले, हिला ती गेल्याचं ठाऊक नाही. आता कसं सांगावं म्हणून ते शब्द जुळवत होते, तोच ती पुढे म्हणाली, "उन्हाळ्यात आलात तेव्हा बिचारीच्या हाताला फोड आले होते. म्हटलं, आता कसली येतेय परत!"

उन्हाळ्यात. घाईबाईला जाऊन तेव्हा वर्ष उलटलं होतं.

जावयाचा चमचा सूपमध्ये तसाच राहिला. बाई आत निघून गेली. मेस्त्रींनी पाव मोडला, सूपमध्ये बुडवला, खाल्ला. दुसरा तुकडा मोडला.

"मामा," जावई म्हणाला, "मी उद्या सांगणार होतो. वर टेकडीवर पोचल्यावर."

"त्याला टेकडी कशाला हवी होती?"

"तिची आवडती जागा होती. मला वाटलं…"

"कोण आहे?"

"शाळेत शिकवते. लहान मुलांना. आम्ही लग्न करायचं म्हणतोय." त्यानं चष्मा काढून हातात धरला. "मामींना माहीत आहे. त्याच म्हणाल्या, घरात सांगितलंस तर उठून आतल्या खोलीत जातील आणि दार लावून घेतील. रानात ने. तिथं दार नसतं."

जावयाच्या लग्नापेक्षा हे जास्त लागलं. म्हणजे घरात दोघांना माहीत होतं, तिसऱ्याला नव्हतं. मेस्त्रींनी ताटली सरकवली आणि "फार झोप येतेय" म्हणून भिंतीकडे तोंड करून पडले. झोप कसली, भिंतीच्या फळ्या मोजत होते.

रविवारी सकाळी जावई पिशव्या बांधत असतानाच ते निघाले. मागे न बघता. जावई हाका मारत होता. त्यांनी कान बंद केले. काय दुखत होतं ते त्यांचं त्यांनाही कळत नव्हतं. पोरगा तरुण आहे, जन्मभर एकट्यानं थोडाच राहणार? हे त्यांना कळत होतं. पण कळणं एक आणि वळणं एक. टेकडी चढले तेव्हा छाती भात्यासारखी वर-खाली होत होती. वरून दूरवर धरणाचं पाणी दिसत होतं, गवत वाऱ्यानं वाकत होतं. तिची आवडती जागा. ते थांबले नाहीत. पलीकडे दगडधोंड्यांचा लांब उतार होता. एरवी चालत उतरले असते. आज ब्रेक न लावता सायकल उतारावर सोडून दिली.

पुढचं चाक दोन दगडांत अडकलं, मेस्त्री हँडलवरून उडाले आणि खांद्यावर आपटले.

जावई पोचला तो सायकल फेकूनच. "हलू नका! मामा, बोला, माझ्याशी बोला!" मेस्त्री म्हणाले, "खांदा गेला वाटतं. बाकी शाबूत आहे." त्यावर त्या मुलानं तिथंच दगडावर बसकण मारली आणि ओक्साबोक्शी रडायला लागला. "मी परत कुणाला घेऊन दवाखान्यात बसू शकत नाही," तो म्हणाला. "नाही जमणार मला परत."

मेस्त्रींना आठवलं. ते स्वतः दवाखान्यात संध्याकाळी जायचे, फळं ठेवायचे, घटकाभर बसून पळून यायचे. हाच एकटा तिथं होता, शेवटपर्यंत.

जावयानं आपलं जाकीट फाडून हात गळ्यात बांधून दिला. मग दोन्ही बाजूंना एकेक सायकल ढकलत तो निघाला, आणि मेस्त्री त्याच्या एक पाऊल मागे. समोरासमोर नव्हते, म्हणून असेल, मेस्त्रींना बोलता आलं.

"तीसुद्धा सायकल चालवते?"

"शिकतेय."

"कुणाच्या सायकलवर?"

जावई थांबला, पण वळला नाही. "भाड्याच्या. ही मी कुणाला दिलेली नाही मामा. काल पहिल्यांदा, तुम्हाला."



"तुमचं चुकलं असं नाही," मेस्त्री म्हणाले. "पण तुम्ही रविवारी येता ना, तेव्हा मला वाटतं, तीपण येतेय. मागे राहिलीय, चप्पल काढतेय, आत्ता येईल. आता तुम्ही दुसऱ्या कुणाबरोबर आलात, तर मग ती खरंच नाही."

जावयाचे खांदे हलत होते, एवढं मागून दिसलं.

डांबरी रस्ता लागल्यावर एका दूधवाल्याच्या गाडीनं त्यांना दवाखान्यात पोचवलं. धरणापर्यंतची वाट राहूनच गेली.

घरी आल्यावर मेस्त्रींनी प्लास्टर बांधलेला हात टेबलावर ठेवला आणि बायकोला म्हणाले, "तुला माहीत होतं."

"होतं. मला सांगून गेला तेव्हा दोन दिवस भांडी आपटत होते मी. तुम्ही विचारलंत का, काय झालं म्हणून?"

मेस्त्रींना भांडी आठवत होती. त्यांना वाटलं होतं, गुडघे दुखत असतील तिचे.

लग्नाला दोघं गेले. नोंदणी कचेरीच्या खोलीत, भिंतीशी मांडलेल्या खुर्च्यांवर बसले. शाळेतली बाई चांगली होती, निर्मळ तोंडाची. ती मेस्त्रींना "काका" म्हणाली. ते बरोबरच होतं. "बाबा" म्हणायला ती काही यांची लेक नव्हती. सुरुवातीला जावई आणि ती रविवारी येत. मग महिन्याआड. मग मूल झालं, त्याला सर्दी-खोकला झाला की येणं राही. मग जावयाला दुसऱ्या शहरात स्वतःचं दुकान टाकायची संधी आली. जाताना सायकल मेस्त्रींकडे सोडून गेला. फोन येतो अधूनमधून. "मामा, तब्येत?" "बरी." "मामी?" "बरी." मग दोघंही फोन धरून उभे राहतात, कुणी आधी ठेवायचा म्हणून.

मेस्त्रींचा खांदा काही धड जुळला नाही. रानवाटेवर पुन्हा जाणं त्यांच्या नशिबी नव्हतं. पण राहून गेलेला तुकडा मनातून जाईना. शेवटी जावई शहर सोडून गेला त्याच्या पुढच्या वर्षी थंडीत एका रविवारी बायकोला घेऊन ते बसनं धरणावर गेले.

वाट जिथं संपते तिथं काहीच नव्हतं. एक गंजलेली पाटी, पाण्याचा नळ, गाड्या लावायला मैदान. बायकोनं इकडेतिकडे बघितलं. "एवढंच?"

"एवढंच."

"एवढ्यासाठी दर वर्षी मरायला यायची?" ती म्हणाली, आणि शब्द तोंडातून गेल्यावर तिचा चेहरा उतरला. मेस्त्रींनी तिचा हात धरला. दोघं नळाजवळच्या कट्ट्यावर बसले. डब्यातली उकडलेली अंडी सोलून खाल्ली.

दुपार कलल्यावर झाडीतून सायकली यायला लागल्या. दमलेली, चिखलानं ओळखू न येणारी माणसं. एक मुलगी सगळ्यांच्या मागून आली, पाय ओढत, एका हातानं सायकल धरून. गुडघा फुटला होता. मेस्त्रींची बायको उठली, पदर सावरत चार पावलं पुढे गेली आणि त्या परक्या मुलीला म्हणाली, "पोचलीस गं बाई. पोचलीस."

मुलगी हसली आणि पाणी प्यायला नळाकडे गेली. बायको तिथंच उभी राहिली. मेस्त्री पाण्याकडे बघत राहिले. परतीची बस यायला अजून अवकाश होता.