मामाच्या आवाजाचा फोल्डर

देवरूखच्या पुढे, डोंगराच्या कुशीत मामाचं गाव. तिथं नमन, म्हणजे कोकणातला गाण्या-नाचाचा खेळ करणाऱ्या मंडळात मामा वर्षानुवर्षं गायचा. मृदुंगावर थाप पडली की त्याची पहिली ओळ पार वरच्या वाडीत ऐकू जायची. मग घशाचं ऑपरेशन झालं. जीव वाचला, पण आवाज गेला. आता तो कुजबुजल्यासारखा बोलतो आणि समोरच्याला कळलं नाही की चिडून हातवारे करतो.

मी रत्नागिरीत एका ऑफिसात कॉम्प्युटरचं काम बघते. माझा जुना कॉम्प्युटर मी मामाला दिला होता. मंडळाच्या तालमी तो मोबाइलवर रेकॉर्ड करायचा आणि त्यावर उतरवून ठेवायचा. मे महिन्यात विजा कडाडल्या, शेजारचा टीव्ही जळाला आणि मामीचा मला फोन आला. "बाय, हे घाबरलेत. आपल्या कॉम्प्युटरातलं दुसरीकडं ठेवता येतं काय?"

रविवारी मी एक हार्ड डिस्क घेऊन गेले. घरात पडून असलेली, जुनी, जागा बेताची. त्यामुळे बॅकअपच्या प्रोग्रॅमला आधीच सांगावं लागणार होतं, काय घ्यायचं आणि काय सोडायचं. आम्ही तिघं ओटीवर बसलो. तालमींचा फोल्डर घ्यायचा. लग्नांचे फोटो घ्यायचे. व्हॉट्सॲपवर आलेली गुड मॉर्निंगची फुलं वगळायची. मामी म्हणाली, "माझ्या बहिणीनं पाठवलेली तेवढी ठेव." ती ठेवली.

मग तालमींच्या आत एक वेगळा फोल्डर दिसला. ऑपरेशनच्या आधीचा, मामाच्या गाण्याचा. मी तो घेणार एवढ्यात मामानं माझा हात धरला.

"ह्यो नको," तो कुजबुजला. "जागा कशाला अडवायची? ते आता संपलं."

तो फोल्डर वगळायच्या यादीत टाकला. मामा उठून अंगणात वाळत घातलेल्या काजूच्या बिया परतायला गेला.

मामी चहाचा कप देताना हळूच म्हणाली, "बाय, तो पण घाल. ह्यांना सांगू नको."

मी तोच फोल्डर घ्यायच्या यादीतही टाकला आणि बॅकअप चालू केला. काम संपल्यावर मामी म्हणाली, "आता दाखव बघू, आलाय काय." डिस्क उघडली. बाकी सगळं आलं होतं, मामीच्या बहिणीच्या फुलांसकट. तो फोल्डर मात्र नव्हता. त्या प्रोग्रॅममध्ये एकच गोष्ट दोन्ही याद्यांत असेल तर वगळण्याचा नियम चालतो. मी मामीला तसं सांगितलं.

"म्हणजे ह्यांचंच खरं?"

"त्यांचा नियम काढला तरच तुझा चालेल."

मामाच्या पाठीमागे त्याचा नियम काढायला मला जड वाटत होतं. मामीलाही ते कळलं असावं. ती तडक अंगणात गेली.

"तुमचा आवाज तुमच्या एकट्याचा हाय काय?" ती म्हणाली. "मी काय ऐकायचं मग?"

मामा हात झटकून आत आला आणि माझ्या शेजारी बसला. बोटानं खूण करून त्यानं वगळायची यादी दाखवायला सांगितली. मी ती उघडली, तर माउस त्यानं स्वतःच घेतला आणि आपल्या फोल्डरची ओळ पुसून टाकली. मी बॅकअप पुन्हा चालू केला, आणि त्यानं त्या फोल्डरातली एक गवळण लावली. रेकॉर्ड करताना मोबाइल कौलांकडे तोंड करून ठेवलेला, म्हणून पडद्यावर नुसता वासा दिसत होता. आवाज मात्र घरभर झाला. मामी दाराशीच थांबली. मामा मान खाली घालून ऐकत होता. एकदम त्यानं माझ्या दंडाला हात लावला.

"इथं ताल सोडलाय मी," तो म्हणाला. मला हसू आलं आणि डोळेही भरले.

श्रावणात तो कॉम्प्युटर बंद पडला तो पडलाच. दुसरा आणून मी डिस्कवरचं सगळं त्यात उतरवलं. गणपतीला मंडळाचा नवा गायक मुंबईहून आला, तेव्हा तो दोन दिवस मामाच्या ओटीवर बसून त्या गवळणी ऐकत आणि म्हणून बघत होता. चुकला की मामा गुडघ्यावर थाप मारून थांबवायचा. जाताना त्यानं सगळं मोबाइलवर भरून नेलं.

पुढच्या आठवड्यात त्याचा फोन आला. मी तेव्हा तिथंच होते. एका ओळीची उठावणी, म्हणजे ती वर उचलायची जागा, त्याला जमत नव्हती. मामानं सांगायचा प्रयत्न केला, पण फोनवर ते काही ऐकू जाईना. त्यानं फोन मामीच्या हातात दिला. मामीनं आयुष्यात कधी चारचौघांत गायलेलं नाही. तिनं पदर सावरला, भिंतीकडे तोंड केलं आणि ती ओळ गाऊन दाखवली. मामा डोळे मिटून ताल धरत होता.

"परत एकदा," तो तिला म्हणाला. फोन तोवर कट झाला होता. तरी ती गायली.